वकिलाची पाळी

तालिबचं वाक्य अर्ध्यावर अडकलं, तेवढ्यात चैतालीनं खुर्ची मागे सारली आणि उभी राहून स्वतःच बोलायला सुरुवात केली.

“किल्लेदार, कोठारात धान्य किती उरलंय ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही. दरवाजा आज उघडलात तर तो तुमचा निर्णय ठरेल. नंतर उघडलात तर भुकेचा.”

नारायण पेठेत श्रीनिवासच्या घरी रविवारी सकाळी चौघं जेवणाच्या टेबलाभोवती हा खेळ खेळायला बसत. पद्मजा गोष्ट रचायची, बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. त्या माणसांपैकी कुणाला काय आणि कितपत जमतं हे आधीच ठरलेलं असे, उरलेलं फासे ठरवत. कात्रजच्या एका शाळेत शिकवणारी पद्मजा या क्षणी किल्लेदार झाली होती. ती चैतालीकडे बघत राहिली, मग हसली आणि म्हणाली, की किल्लेदारानं दरवाजा उघडला. श्रीनिवासनं टेबलावर थाप मारली.

तालिबनं मुठीतले फासे न टाकताच खाली ठेवले.

त्या बारीक आवाजानं चैताली भानावर आली. खेळात ती एक पहिलवान होती, दोन वाक्यं धड जुळवता न येणारा. राजाच्या वतीनं बोलणारा वकील तालिबचा होता. तालिबची जीभ लहानपणापासून अडखळायची. वकील घडवताना त्यानं ताकद कमी केली होती, चपळाई कमी केली होती आणि सगळं बळ त्याच्या वाणीत ओतलं होतं. त्याला दरबारात बोलायला मिळावं म्हणून पद्मजानं गोष्ट महिनाभर या किल्ल्याकडे वळवत आणली होती.

चैताली फ्लॅट विकायची. समोरचा जरा घुटमळला की त्याचं वाक्य पुरं करायचं, ही तिची रोजची सवय. आज ती सवय कुठे वापरली गेली ते कळल्यावर तिचे कान तापले. पुढ्यातला चहा तिनं तसाच निवू दिला.

खेळ संपल्यावर ती तालिबच्या मागोमाग खाली उतरली. येरवड्याला जायला तो गाडी काढत होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं माफी मागितली. आपण त्याची जागा बळकावली, मित्र म्हणून हे शोभलं नाही, आपल्याला स्वतःची लाज वाटते, असं सगळं ती बोलली. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मध्ये तालिबनं एकदा तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

ती थांबल्यावर त्यानं हेल्मेटचा पट्टा लावला.

“हेही छान बोललीस,” तो म्हणाला. एकदाही न अडखळता.

तो गेला.

पुढच्या रविवारी पद्मजानं सुरुवातीलाच सांगितलं, की मागच्या खेळात किल्ल्याचा दरवाजा तिच्या स्वतःच्याच चुकीनं उघडला होता, तो आता पुन्हा बंद. वकिलाला काय म्हणायचंय ते तालिब सांगेल, आपल्याला हवा तेवढा वेळ घेऊन, आणि ते कितपत पटलं ते फासे ठरवतील.

तालिबनं सांगितलं. वेळ लागला. मग त्यानं फासे टाकले आणि दान इतकं वाईट पडलं, की श्रीनिवासनं कपाळाला हात लावला. किल्लेदारानं वकिलाला कैद करायचा हुकूम दिला.

श्रीनिवासनं चैतालीकडे पाहिलं. पद्मजानंही पाहिलं. चैतालीच्या मनात सगळं तयार होतं, कुठे थांबायचं तेसुद्धा.

“पहिलवान गप्प उभा आहे,” ती म्हणाली.

पद्मजानं तालिबला विचारलं, की जाता जाता वकील काही बोलतो का. तालिब ताठ बसला. आपला डाव फसला असूनही त्याचे डोळे चमकत होते.

“किल्लेदार,” तो म्हणाला, “माझ्या जागी दुसरं कुणी असतं, तर त्यानं तुम्हाला...”

इथे तो अडकला. ओठ घट्ट मिटले, मानेची शीर ताणली गेली. कुणी हललं नाही. चैतालीला पुढचा शब्द ठाऊक होता. पटवलं असतं. तो तिच्या जिभेच्या टोकावर येऊन थांबला. तिनं टेबलाखाली बोटं एकमेकांत गच्च अडकवली.

तालिबचे ओठ सुटले.

“...फसवलं असतं.”

पद्मजानं हळूच मान डोलावली. श्रीनिवास “वा” म्हणाला. चैतालीनंही दाद दिली, पण तिला मान वर करता आली नाही.