मुलगा बघायला गेलो, दाढ दाखवून आलो

लेकीला सांगून आलेला मुलगा डेंटिस्ट निघाला आणि त्याच आठवड्यात माझी दाढ ठणकायला लागली. हा मी देवाचा कौलच समजलो. मुलगाही बघून होईल आणि दाढही. चिक्कडपल्लीला डॉक्टर परागच्या नव्या दवाखान्यात जाऊन खुर्चीवर पडलो.

"काका, सिगरेट वगैरे? झोप नीट होते का?" त्याने विचारलं.

मुलीचा बाप काय सांगणार? म्हणालो, "सुपारीचं खांडही नाही. नऊला झोपतो." खरं म्हणजे इराणी हॉटेलात चहाबरोबर रोज एक पाकीट संपतं, आणि घरात केबल आल्यापासून मध्यरात्रीशिवाय डोळ्याला डोळा लागत नाही.

त्याने इंजेक्शन दिलं. मशीन फिरलं आणि काचीगुडा स्टेशनातल्या सगळ्या गाड्या एकदम माझ्या दाढेतून सुटल्या.

"सिगरेट आणि जागरण असलं की दुखणं जास्त जाणवतं, काका. म्हणून पुन्हा विचारतो."

मी मानेनेच नाही म्हणालो. खानदानाचा प्रश्न होता. मशीन पुन्हा फिरलं आणि मी अर्धा उठून बसलो. खानदान खुर्चीतच राहिलं.

परागने शांतपणे दुसरं इंजेक्शन भरलं. "त्रिवेणी म्हणालीच होती, बाबा कबूल करणार नाहीत."

त्रिवेणी म्हणजे माझी लेक. दोघांची अजून भेटही झाली नव्हती, निदान माझ्या माहितीत. बरंच काही विचारायचं होतं. पण तोंडात कापूस होता, आणि समोर जावई मशीन घेऊन उभा होता.