गाभ्यातल्या ओळी

"सवतीचं पोर, बाई, माझ्या मांडीवर निजं,
जोजवाया हात माझा, नाव घेई तिचं तिचं."

कर्जतला मामाच्या घरी दळायला येणारी राहीबाई जात्यावर बसली की हे गायची. आवाज चिरका, पण ताज्या पिठासारखा ऊन. लहानग्या अंबिकेनं एकदा तिला विचारलं होतं, सवत म्हणजे कोण गं? खुंटा न थांबवता राहीबाई म्हणाली होती, "जिच्यात खोड काढाया जावं आन् सापडू न्हाई, ती."

आता सासरी, बेलापूरच्या स्वयंपाकघरात भाकरी थापताना तो आवाज अंबिकेला फार ऐकू येई. तसं पाहिलं तर तिला सवत नव्हती. शोभा होती, पण ती नवऱ्याच्या घरात नव्हे, यंत्राच्या घरात नांदत होती.

पुण्याच्या एका संस्थेत खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर होता. अंबिका आणि तिचा नवरा राधाकृष्ण, दोघंही तिथे कामाला. कॉम्प्युटरवरच्या सगळ्या प्रोग्रॅमांना सांभाळणारा एक मुख्य प्रोग्रॅम असतो. त्याच्या सगळ्यांत आतल्या भागाला ती मंडळी गाभा म्हणत. त्या गाभ्याच्या दारावरची तपासणी अंबिकेनं लिहिली होती. कुणी एखादी फाईल मागितली, तर ती मागायचा त्याला हक्क आहे का, हे पाहणाऱ्या मोजक्या ओळी. मग एकाहत्तर साली सासऱ्यांना, विष्णुपंतांना, अर्धांगवायू झाला. दोघांपैकी एकानं गावी यायला हवं होतं. कुणी, हे कुणी विचारलंच नाही. अंबिका आली, आणि तिच्या टेबलाशी शोभा बसली.

तेव्हापासून राधाकृष्ण पंधरवड्यानं घरी यायचा तो शोभाचं नाव घेतच. शोभानं अमुक केलं, शोभाला तमुक सुचलं. बायकोला तो 'अगं' म्हणे. सासऱ्यांची ती सूनबाई, दूधवालीची वैनी. अंबिका हे नाव घरात कपाटातल्या शालूसारखं घडी घालून ठेवलेलं होतं. नवरा तिकडच्या गोष्टी सांगू लागला की ती हुंकार देई आणि तव्यावरची भाकर जरा जास्तच करपू देई.

त्र्याहत्तरची दिवाळी सरल्यावर एका शनिवारी राधाकृष्णाबरोबर शोभाच आली. सुती साडी, एकच वेणी, पायांत धुळीनं माखलेल्या चपला. अंबिकेनं तिला आधी पाणी दिलं, मग डोळे भरून पाहून घेतलं. मुलगी गोड होती. तेच वाईट होतं.

पंगतीला बसल्यावर कळलं ते असं. बुधवारी दिल्लीची माणसं येणार होती. ती यंत्रापुढे बसून मुद्दाम दुसऱ्यांच्या फाईलींत शिरायचा प्रयत्न करणार. शिरता आलं नाही तर सरकारी काम मिळणार आणि शोभाची नोकरी कायम होणार. शिरता आलं तर दोन्ही गेलं. खाटेवरून विष्णुपंत म्हणाले, "आमच्या चिरंजिवांना घराचं कुलूप लावल्याचं आठवत नाही, आणि हे यंत्राची राखण करणार?"

शोभा हसली. "राखण वहिनींची आहे, काका. मी घर वाढवलं, दार त्यांचंच ठेवलं."

अंबिकेनं तिला न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

दुपारी राधाकृष्णानं गाभ्यातल्या सगळ्या ओळींच्या प्रिंटआउटची जाड चळत ओसरीवर उलगडली आणि तिला म्हणाला, अगं, जरा नजर टाक. अंबिका वाचायला बसली. सुपातले खडे वेचावेत तशी ती शोभाची चूक वेचायला बसली होती. पानामागून पान गेलं. काम नेटकं होतं, इतकं नेटकं की एकही खडा सापडेना. आणि मग, भर बाजारात माहेरचं माणूस भेटावं तशा, तिला तिच्या स्वतःच्या ओळी भेटल्या. शोभानं त्यांतला एक ठिपकाही हलवला नव्हता.

तिनं त्या प्रेमानं वाचल्या. मग पुन्हा वाचल्या, आणि तिचं बोट कागदावर थांबलं.

तिच्या वेळी यंत्र एका वेळी एकाच प्रोग्रॅमचं काम करी. एक उठला की दुसरा बसे. शोभानं आता अनेकांना एकदम बसवलं होतं. घड्याळाचा ठोका पडला की यंत्र एकाला अर्ध्यावर थांबवी, दुसऱ्याकडे वळे, मग पुन्हा पहिल्याकडे येई. शिवाय दोन प्रोग्रॅमना मेमरीतली एकच जागा वाटून घ्यायची मुभा होती. अंबिकेच्या ओळी मागणाऱ्याच्या जागेत जाऊन फाईलचं नाव वाचत आणि हक्क तपासत. मग फाईल उघडताना नाव पुन्हा तिथूनच वाचत. या दोन वाचनांच्या मधोमध ठोका पडला तर? जागा वाटून घेतलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमनं तेवढ्यात नाव बदललं तर? तपासलं जाईल स्वतःच्या फाईलचं नाव, आणि उघडेल दुसऱ्याची फाईल.

तिनं बोट उचललं आणि पान उलटलं. ओळी तिच्या होत्या, पण त्यांच्या काळी त्या खऱ्याच होत्या. जग बदललं ते शोभानं. बुधवारी पडेल ती शोभा.

राधाकृष्णानं विचारलं, दिसलं का काही? छान आहे, असं म्हणून ती चहा टाकायला उठली. शोभाच्या कपात साखर मात्र तिनं मोजूनमापून घातली, जणू तेवढं केलं की बाकीचं फिटेल.

रविवारी सकाळी मनकर्णा दूध घेऊन आली. शोभाच पुढे झाली. मनकर्णेच्या चरवीतला थेंब नखावर घेऊन तिनं पाहिला, घट्ट आहे म्हणाली आणि पातेलं आणायला आत वळली. अंबिका दारातून पाहत होती. ती म्हणाली, "तसं नाही. आधी आपल्या पातेल्यात ओतून घ्यायचं, मग बघायचं."

"बघा वो पाव्हनं," मनकर्णा चरवी रिती करत म्हणाली, "तुमी आत गेल्या की मी काय हौदात बुडवनार व्हते का चरवी? वैनींचा सख्ख्या म्हशीवर बी इस्वास न्हाई."

शोभा खळखळून हसली. अंबिकेला वाटलं, आता हिला त्या ओळींतली चूकही कळेल, आता ही कागदांकडे धावेल. शोभानं पातेलं चुलीवर ठेवलं आणि वेणी घालायला बसली. अंबिका दुधाकडे पाहत राहिली. ते उतू जाईपर्यंत तिला काही सुचलं नाही.

दुपारी एस.टी. स्टँडवर राधाकृष्ण पेरू घ्यायला गेला. गाडी लागलेली होती. शोभा पिशवी छातीशी धरून उभी होती. जमिनीकडे पाहत ती बोलली.

"वहिनी, एक सांगू? मला तुमचा राग येतो. ऑफिसात राधाकृष्ण सर दिवसभर तुमचंच नाव घेतात. अंबिकानं हे निम्म्या ओळींत बसवलं असतं, अंबिकाला विचारायला हवं. अंबिका, अंबिका. तुमच्या त्या ओळी तर देवघरासारख्या ठेवल्यात. कितीदा वाटलं, खोडून स्वतःच्या घालाव्यात. धीर झाला नाही."

अंबिकेला आधी शब्द कळले, अर्थ मागून आला. तिचं नाव तिकडे होतं. तिथल्या भिंतींना, टेबलांना, माणसांना ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं, आणि इथे ती त्याच्यावाचून भाकऱ्या थापत होती. तिला नवऱ्याचा संताप आला. हसूही आलं. समोरच्या मुलीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ती तिनं काल पाहिली नव्हती, की पाहून मनातल्या मनात आपल्या बाजूनं मोजली होती, हे तिला सांगता आलं नसतं.

ओळी गेल्या की यंत्रात तिचं काहीच उरणार नव्हतं. मग राधाकृष्णही नाव घ्यायचा कशाला?

कंडक्टरनं घंटी दिली. राधाकृष्ण पेरूंची पिशवी सावरत धावत येताना दिसला. शोभा पायरीवर चढली. अंबिकेनं तिचं मनगट धरलं.

"खोड त्या," ती म्हणाली. "माझ्या सगळ्या ओळी खोड, शोभा. त्या नाव दोनदा वाचतात, आणि तुझ्या यंत्रात मध्येच ठोका पडतो. नाव आधी गाभ्याच्या स्वतःच्या जागेत उतरवून घे, जिथे दुसऱ्या कुणाचा हात पोचत नाही. मग तेच तपास आणि तेच उघड. बाहेर पुन्हा बघायला जाऊ नकोस." तिनं मनगट सोडलं. "हे मला काल दुपारीच दिसलं होतं. तू पडावीस म्हणून बोलले नाही."