उलटा लावलेला फॉर्म

मी फॉर्म बोलतोय. गोरेगावच्या एका धर्मादाय दवाखान्यात मनाच्या दुखण्यासाठी येणाऱ्यांच्या नावाने जो भरतात, तो मी.

माझा जन्म सायक्लोस्टाइल मशीनवर झाला. एकाच स्टेन्सिलवरून आम्ही दोनशे भावंडं निघालो. सगळ्यांच्या तोंडावर त्याच सहा ओळी: सकाळी फिरायला जाणे, मन कामात गुंतवणे, चिंता न करणे, अशा. त्यांच्यापुढे खुणा केल्या की उपचार ठरला. झोप न येणारा कॉलेजचा मुलगा असो की मूल गेलेली आई, खुणा त्याच. आपण सगळ्यांना चालतो, याचा मला अभिमान वाटे.

सत्याऐंशी साली गणपती झाल्यावर माझ्यावर नाव पडलं: सुगंधा धाकू परब, कांदिवली. चार महिने त्या चाळीतल्या खोलीबाहेर पडल्या नव्हत्या. बाहेर पाऊल टाकलं की छाती धडधडे, आता मरणार असं वाटे.

नवरा धाकू म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघतो. नायतर हिला गावी भावाकडे ठेवतो. आमची मीरा नववीत आहे, ती इथंच राहील."

मुलीचं नाव निघताच सुगंधाबाईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं.

उपचार ठरवायचं काम मृणालिनीताईंचं. त्यांनी पेन उघडून पहिली ओळ वाचली, "सकाळी फिरायला जाणे."

"अहो ताई, दाराबाहेर पडता येत नाय म्हणून तर आले! ह्यांनी मला रिक्षात कोंबून आणलीय."

"चिंता न करणे," ताईंनी हळूच वाचलं.

"ते जमलं असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

धाकू उगाच खोकला. ताईंचे कान लाल झाले. मग त्यांनी मला पालथा केला. "बरं, तुम्ही सांगा. बरं झाल्यावर काय करायचंय?"

"बाजारात जाऊन माझ्या हाताने बांगडे निवडायचेत. हे मऊ पडलेले आणतात, आणि वर म्हणतात, बांगड्याच्या तिखल्याला चव नाय."

"पहिल्या आठवड्यात चाळीच्या फाटकापर्यंत जाल?"

"माका नाय जमाचा. तिथे द्रौपदी भाजी घेऊन बसते, सगळं खोदून विचारते. आधी नळापर्यंत. दुपारी, पाणी गेल्यावर. तेव्हा कोण नसतं."

ताईंनी तसंच लिहिलं. माझ्या कोऱ्या पाठीवर सात ओळी उतरल्या. कुठवर जायचं, सोबत कोण, आणि धडधड वाढली तर पळायचं नाही, शंभर आकडे मोजेपर्यंत तिथेच उभं राहायचं. यातलं काहीही माझ्या भावंडांच्या तोंडावर नव्हतं.

मोठे डॉक्टर चिडले. "पुढची बाजू रिकामी? तपासणीला येणाऱ्यांना काय दाखवू?"

"हीच बाजू दाखवा," ताई म्हणाल्या. त्यांनी मला सुलटा केला नाही. त्या दिवसापासून मीही हट्टाला पेटलो.

चार ओळी पार पडल्या. पाचवी होती मासळी बाजार. सुगंधाबाई बाजाराच्या तोंडाशी गेल्या आणि घामाघूम होऊन पळत घरी आल्या. दुसऱ्या दिवशी धाकू त्यांना घेऊन आला आणि त्याने गावचं एस.टी.चं तिकीट ताईंच्या टेबलावर आपटलं. "पुरे झाली ही नाटकं."

ताईंनी पाचवी ओळ खोडली नाही. तिचे दोन तुकडे केले. "आधी कुठवर जमेल?"

"पिठाच्या गिरणीपर्यंत. मीरा बरोबर. नुसतं उभं राहायचं, मासळी घ्यायची नाय." मग सुगंधाबाईंनी तिकीट उचलून नवऱ्याच्या हातात दिलं. "हे परत करा. माझ्या ओळी बाकी आहेत. मी कुठे जात नाय."

चार-पाच महिन्यांत बायको असं बोलली नव्हती. तिकीट खिशात कोंबत धाकू म्हणाला, "बघू तर, कसले बांगडे आणतेस ते."

दिवाळी झाली. सुगंधाबाई कांदिवलीतच आहेत. परवा सहाव्या ओळीपुढे ताईंनी लिहिलं, 'चार बांगडे, ताजे. मीरा सोबत.'

सातव्या ओळीपुढची जागा अजून मोकळी आहे: एकटीने.

मोठ्या डॉक्टरांनी हुकूम काढलाय, की नियमाप्रमाणे न भरलेले फॉर्म मार्चअखेर रद्दीत टाका. खुशाल टाका. माझ्या तोंडावर एकही खूण नाही, हे मला मान्य आहे. पण सुगंधाबाई एकट्या बाजारात जाऊन येईपर्यंत मला हात लावायचा नाही.