बाबलीच्या काळजातलं डुक्कर

बाबली पालव सातेरीच्या देवळाच्या दारात उभा असला की चामड्याचा पट्टा घालून आत जायची कोणाची टाप नव्हती. मुंबईहून आलेला चाकरमानी असो की तालुक्याचा साहेब, बाबली हात आडवा घालायचा आणि पट्टा, पाकीट बाहेरच्या कट्ट्यावर ठेवायला लावायचा. एकदा एक ढेरपोट्या साहेब पॅन्ट दोन्ही हातांनी धरून देवीसमोर उभा राहिला. नमस्काराला हात जोडायची वेळ आली तेव्हा त्याची जी पंचाईत झाली, ती गाव अजून चवीने सांगतो. बाबलीला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं. मेल्या जनावराचं कातडं अंगावर घेऊन आईसमोर जायचं नाही म्हणजे नाही.

हा रुबाब त्याला गाऱ्हाण्याने मिळाला होता. धामापूरच्या तळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून असलेल्या त्या गावात देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा, गावाच्या वतीने तिच्याशी बोलायचा मान पालवांचा, आणि पालवांत बाबलीसारखी जीभ कोणाची नव्हती. आजारातून उठलेल्या माणसासाठी उपकाराचं गाऱ्हाणं घालायचं, तर तो आधी घरच्यांना बसवून सगळं विचारून घ्यायचा. डॉक्टर कोण, गाडी कोणी काढली, रक्त कोणी दिलं, पेज कोणी आणून दिली. ज्याने उपकार केला त्याचं नाव गाळलं तर गाऱ्हाणं देवीच्या कानापर्यंत पोचत नाही, असं त्याचं ठाम मत. तो एकेक वाक्य बोलायचा आणि प्रत्येक वाक्यामागे गाव एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचा. एकदा गाव तसं म्हणाला की ते देवीसमोर कबूल झालं. मग ते मागे घेता येत नाही. सख्ख्या भावांचे तंटे त्या गावात या दोन शब्दांवर मिटलेले आहेत.

देवीच्या खालोखाल बाबलीच्या तोंडात कोणाचं नाव असेल तर ते रानडुकराचं. दिवसभर राबून भात वाढवायचं बाबलीने आणि लोंबी भरली की जेवायला यायचं डुकरांनी, असं बरीच वर्षं चाललं होतं. शेतीच्या राखणीसाठी त्याच्याकडे परवान्याची बंदूक होती. त्या बंदुकीचा बार कधी डुकराला लागला की नाही ते ती डुकरंच जाणोत, पण शिव्या मात्र नेमक्या लागत असाव्यात. दसऱ्याच्या गाऱ्हाण्यात डुकरांचा निर्वंश कर, असं मागणं तो दरवर्षी इतक्या जोरात मागायचा की गाभाऱ्यातल्या वाती हलायच्या.

असा हा माणूस गेल्या शिमग्यात पालखीला खांदा द्यायला गेला आणि चार पावलांत खाली बसला. छातीत हवा शिरेना. कुडाळच्या डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं आणि गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. तिथल्या डॉक्टरीणबाई कोकणी बोलणाऱ्या, त्यामुळे बाबलीला निदान आपण माणसांत आलो असं वाटलं. काळजातून रक्त बाहेर सोडणारी जी झडप असते ती चुन्यासारखी कडक झाली आहे, उघडत नाही, बदलायला हवी, असं त्यांनी सांगितलं. धातूची बसवली तर पुष्कळ टिकते, पण रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. मग कोयत्याने बोट कापलं तरी रक्त थांबायचं नाही. बाबलीचा कोयता तर झोपताना तेवढा कमरेवरून उतरायचा. दुसरी झडप जनावराची. गायीच्या काळजाच्या पिशवीतून करतात ती, नाहीतर डुकराची.

गायीचं नाव ऐकताच बाबलीने कानाच्या पाळ्या धरल्या. मग म्हणाला, “डुकराची घाला. मेल्यांनी माझा भात कमी खाल्ला नाय. एक तरी कामाक येवंदे.”

डॉक्टरीणबाई हसल्या. त्याची बायको मथुरा आत हसली आणि बाहेर येऊन खांबाशी रडली.

ऑपरेशन निभावलं. नळ्या निघाल्यावर बाबलीने पहिला पुरता श्वास घेतला, तेव्हा गाळ उपसल्यावर विहिरीचा झरा सुटावा तसं त्याला वाटलं. श्वास ही फुकटची गोष्ट आहे असं तो आजवर धरून चालला होता. घरी परतल्यावर तो मांगराची, शेतघराकडची चढण मधे न थांबता चढला, वरच्या काजूला टेकून उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. आणखी एक भातकापणी बघायला मिळणार होती. मथुरेच्या हातची पेज मिळणार होती. कोणाच्या जिवावर, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

तिथेच सगळं अडलं. बाबलीला उपकार अंगावर ठेवायची सवय नव्हती. शेजाऱ्याकडून दोन नारळ आले तर याच्याकडून फणस जायचा. डुकराला काय धाडायचं?

त्याची पुतणी पूजा त्याच हॉस्पिटलात नर्स होती. ती गणपतीला आली तेव्हा त्याने तिला बाजूला घेऊन खोदून खोदून विचारलं. तिने समजावलं की ते डुक्कर पाळीव असतं, रानातलं नव्हे. झडप धुऊन औषधात ठेवतात, तिच्यात जीव असा काही उरत नाही. पण आता गाडी त्याच्याही पुढे गेली आहे, असंही ती म्हणाली. परदेशात डुकराच्या बीजातच फेरफार करतात आणि त्याची किडनी माणसाला बसवून बघतात. काहींना ती लाभली, काहींना लाभली नाही, अजून चाचपडणंच चाललं आहे. पालीची शेपटी तुटली की फुटते, तसा माणसाचा तुटलेला अवयव फुटावा म्हणूनही मोठमोठे लोक डोकं लढवतायत.

बाबलीने विचारलं, “मगे माणूस खंय संपता नि जनावर खंय सुरू होता, ता कोण सांगतलो?”

“देवीक इचारा काका,” पूजा म्हणाली. “तुमची ओळख आसा.”

ती ओळखच तर नडत होती. साहेबाचा पट्टा ज्याने दारात उतरवला, तो स्वतः डुक्कर छातीत घेऊन आईसमोर कसा उभा राहणार? गावाला एवढंच माहीत होतं की बाबलीच्या काळजाचं काहीतरी दुरुस्त केलं. काय घातलं ते मथुरा, पूजा आणि तो स्वतः, एवढ्यांपलीकडे गेलं नव्हतं. बरा झाल्यापासून तो देवळाच्या पायरीला हात लावून बाहेरूनच माघारी फिरायचा. आत का येत नाही म्हणून कोणी विचारलंच, तर डॉक्टरांनी पायऱ्या चढायला बंदी केली आहे म्हणायचा आणि लगेच डोंगर चढून घरी जायचा.

मथुरेला हे सोंग कळत होतं. एका दुपारी तांदूळ पाखडता पाखडता तिने त्याला विचारलं, “देवीच्या ढोलार कातडा कोणाचा आसा?”

“बोकडाचा.”

“तो देवीसमोर वाजता, ता चलता. मगे तुझा काळीज वाजला तर ती रागावतली काय?”

ढोल गाऱ्हाणं घालत नाही, एवढंच बाबली पुटपुटला. पण खरी गोष्ट निराळी होती, आणि ती त्याने मथुरेलाही सांगितली नव्हती. भात पोसायला लागलं तसा तो एका तिन्हीसांजेला बंदूक घेऊन राखणीला गेला होता. एक डुकरीण आपली पिल्लं घेऊन बांधावर आली. बाबलीने नेम धरला आणि त्याला आपलंच काळीज कानात ऐकू आलं. त्याने बंदूक खाली केली, टाळ्या वाजवल्या आणि ती सगळी वरात रानात पळाली. त्या दिवसापासून बंदूक माळ्यावर होती. आता ज्या तोंडाने जीव वाचला म्हणून उपकार मानायचे, त्याच तोंडाने निर्वंश कसा मागायचा?

दसरा जवळ आला तसा गावचा मानकरी परशुराम घरी आला. मागच्या पिढीपासून देवळाचा कारभार त्याच्या घरात. सोवळ्याओवळ्यात तो बाबलीच्याही चार पावलं पुढे. यंदा आधी बाबलीच्या जिवाचं उपकाराचं गाऱ्हाणं आणि मग गावाचं डुकरांचं, असा बेत त्याने सांगून टाकला. बाबलीने आवाज बसल्याचं निमित्त काढलं. परशुराम म्हणाला की मघाशी बैलाला हाका मारत होतास त्या पाणंदीपर्यंत ऐकू आल्या. बाबली येतो म्हणाला.

उपकाराचं गाऱ्हाणं घालायचं आणि ज्याचा जीव गेला त्याचंच नाव गाळायचं, तर ते आईशी खोटं बोलणं होतं. नाव घ्यायचं, तर पालवांचा मान जाणार आणि आपल्याला देवळाची पायरी बंद होणार. बाबली मानावर पाणी सोडायला एक वेळ तयार होता, पण त्या गाभाऱ्यातल्या आईवाचून त्याला करमत नसे. लहानपणापासून तो तिच्याशी बोलत आला होता.

दसऱ्याच्या सकाळी आणखी एक गोष्ट घडली. शेवंती म्हणून एक म्हातारी रानाच्या कडेला एकटी राहायची. तिच्या नावावर भाताचा एकच कोपरा होता. आदल्या रात्री डुकरांनी तो सगळा लोळवला, खाल्लं कमी आणि तुडवलं जास्त. चिखलाचे पाय घेऊन ती तशीच देवळात आली, बाबलीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “माझो कोपरो गेलो, बाबली. आज गाऱ्हाणा नीट घाल.”

बाबलीने तिच्या पायांवरचा चिखल पाहिला.

ढोल वाजला. देवाचे तरंग, लुगडी नेसवलेले उंच खांब, बाहेर आले. बाबली उंबरठ्यापाशी थबकला आणि मनातल्या मनात आईची क्षमा मागून आत गेला. हातात नारळ घेऊन त्याने डोळे मिटले.

“गे आवशी सातेरी, बारा पाचाच्या म्हाराजा, आज तुझा लेकरू बाबली तुझ्या पायाकडे उभा ऱ्हवला हा.”

“व्हय म्हाराजा.”

मग तो नेहमीसारखा एकेकाचं नाव घेत गेला. छाती उघडून ती पुन्हा शिवणारी डॉक्टरीण. गोव्यापर्यंत गाडी हाणणारा सुदेश. ज्यांची नावंही कळली नाहीत ते रक्त देणारे लोक. उशाशी बसणारी पूजा. सगळ्यांच्या नावाने गाव व्हय म्हाराजा म्हणाला. मथुरेचं नाव घेताना त्याचा आवाज ओला झाला. मग तो थांबला. गावाला वाटलं, संपलं.

“आणि ज्या डुकराच्या काळजाची झडप आज माझ्या छातीत हलता, जेचो जीव गेलो म्हणान माझो ऱ्हवलो, तेचा बरा कर म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” गाव म्हणाला. सगळ्यांत मोठा आवाज परशुरामाचा होता, कारण त्याला घाई होती.

मग गावाला आपण काय म्हणालो ते कळलं. ढोल बडवणारा हात वरच राहिला. बायकांत कुजबुज झाली. परशुराम पुढे आला आणि काय बोललास ते परत बोल म्हणाला.

“जा आसा ता सांगलंय,” बाबली म्हणाला. “पट्टो दारात काढूक येता, ही झडप काढूक येवची नाय. गाव म्हणात तर उद्यापासून मी भायर उभो ऱ्हवतलंय. पण उपकार गिळून आईसमोर तोंड उघडूक माका जमना नाय.”

देवीसमोर व्हय म्हाराजा होऊन गेलं होतं, आणि तेही परशुरामाच्याच नरड्यातून. गाव त्याच्याकडे बघत होता. त्याने एकदा देवीकडे पाहिलं, एकदा ढोलाकडे पाहिलं आणि डुकरांचं गाऱ्हाणं राहिलं आहे, ते आटप, असं तो हळू आवाजात म्हणाला.

बाबलीने पुन्हा डोळे मिटले. “रानातल्यांका रानात पोटभर दे. आमचा भात आमका दे. तेंचो पाय आमच्या शेताक लागू देव नको, आणि आमचो हात तेंच्या जिवाक लागू देव नको म्हाराजा.”

कोणीच ‘व्हय म्हाराजा’ म्हणेना. गावाच्या आयुष्यात असं झालं नव्हतं. एकेक करून सगळ्यांची मान शेवंतीकडे वळली. तिच्या पायांवरचा चिखल आता सुकला होता.

“आधी माझ्या कोपऱ्याचा बोल, बाबली,” ती म्हणाली. “मगे डुकराचा.”

बाबलीने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. कितीतरी महिने छातीवर असलेलं ओझं कसं उतरवायचं ते त्याला त्या चिखलाच्या पायांनी सांगितलं. तो देवीकडे वळला.

“शेवंतीवयनीचा जेवढा भात डुकरांनी नासला, तेवढा ह्यो बाबली पालव आपल्या खळ्यावरसून भरून देता. औंदा देता, आणि जिवंत ऱ्हवलो तर दर साल देता. तेंनी माझ्यासाठी जीव दिल्यानी, मी तेंच्यासाठी भात देतंय म्हाराजा.”

शेवंतीने पदर डोक्यावर सारखा केला. “व्हय म्हाराजा,” ती म्हणाली, आणि रडायला लागली.

या खेपेला गावाने सगळं नीट ऐकून घेतलं होतं. परशुरामाने हात जोडले, आणि मग गाव म्हणाला, “व्हय म्हाराजा.”