अख्खा दगड

“अख्ख्या दगडाची आहे ही फरशी?” घराची किंमत ठरवायला आलेल्या व्हॅल्युअरने हॉलच्या मधोमध उभं राहून विचारलं, आणि फरशीवाल्याची डोलणारी मान थांबली.

तोवर सगळं छान चाललं होतं. छान म्हणजे काय, तर घराची मनसोक्त निंदा चालली होती. बाहेरच्या भिंतीचा रंग उडालाय, बाथरूमला ओल आलीय, स्वयंपाकघर जुनाट झालंय. व्हॅल्युअर एकेक खोट काढून लिहीत होता आणि फरशीवाला प्रत्येक खोटीला मान डोलावत होता. एरवी कुणी त्याच्या घराला नावं ठेवली असती, तर त्याने सरळ दार दाखवलं असतं. पण दोन बिल्डरांनी पैसे बुडवले, त्यांच्यापायी याचा धंदा बसला, आणि गेल्या महिन्यात कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज गेला. वकीलबाईंनी बजावलं होतं, “घराची किंमत कायद्याच्या मर्यादेत राहिली तर घर तुमचं. एका पैशाने वर गेली तर लिलाव. खोटं बोलू नका, पण फुशारकीही मारू नका.”

फुशारकी मारली ती बायकोने. बिचारीची तरी काय चूक? बावीस वर्षं जीव लावलेल्या घराला हा परका माणूस ‘साधारण, साधारण’ म्हणत सुटला, ते तिला सहन झालं नाही. स्वयंपाकघराच्या दारातून ती ताडकन म्हणाली, “फरशी मात्र साधारण नाही हं. खाणीतून खास मागवलेला अख्खा दगड आहे. लग्नाआधी यांनी माझ्यासाठी बसवला.”

व्हॅल्युअरची मान वळली. त्याने वाकून तळहात फिरवून पाहिला. दुधी संगमरवर, त्यातून करड्या शिरा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग गेलेल्या, सांधा म्हणून कुठे नाही. एवढा मोठा दगड असेल तर किंमत बरीच चढेल, असं पुटपुटत त्याने आधी लिहिलेली एक ओळ खोडली.

फरशीवाला पेचात पडला. गप्प बसावं तर घर जातं. बोलावं तर बायकोसमोर पितळ उघडं पडतं. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती मोठ्या अभिमानाने उभी होती, आणि तेच त्याला बघवेना.

“तुकडे आहेत साहेब,” तो म्हणाला. “लोकांच्या कामांतले उरलेले.”

व्हॅल्युअर हसला. चांगल्या वस्तूला भंगार म्हणणारी माणसं त्याला या कामात रोजच भेटत. सांधा दाखवा, म्हणाला. फरशीवाल्याने बोट ठेवलं. व्हॅल्युअरने चष्मा पुसला, मोबाइलचा उजेड पाडला, नखाने खरवडून पाहिलं आणि मान हलवली. ही तर दगडाची शीर आहे, म्हणाला.

आता काय करावं कपाळ! तिथेच तर सगळी करामत होती. दगड सरळ कापायचा नाही, शिरेच्या वळणाने कापायचा. दुसऱ्या तुकड्यात तशीच शीर शोधून तिला भिडवायची, फटीत त्याच दगडाची भुकटी भरायची, आणि मग घासत बसायचं. दीड वर्ष त्याची एकूण एक सुट्टी यात गेली होती. खिशात दमडी नव्हती आणि होणारी बायको बऱ्या घरातली, म्हणून तोंडातून ‘अख्खा दगड’ निघून गेलं. पुढे खरं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

व्हॅल्युअरने घड्याळ पाहिलं. मला डोळ्यांना दिसेल तेच लिहिता येतं, म्हणाला.

फरशीवाला आत गेला. कटर आणि पॉलिशचं मशीन जप्तीत केव्हाच गेलं होतं. उरली होती छिन्नी आणि हातोडी. ती घेऊन तो गुडघ्यांवर बसला. स्वतः भरलेला सांधा त्याने आजवर कधी फोडला नव्हता. पहिला घाव चुकला. दुसऱ्याला भुकटी उडाली. तिसऱ्याला शीर उकलली आणि खाली काळी फट दिसली, चांगली वीतभर लांब. व्हॅल्युअरने वाकून फटीत नख घालून पाहिलं.

मग फरशीवाल्याने खडू घेतला आणि रांगत रांगत एकेका सांध्यावर रेघ ओढत गेला. हा दातांच्या डॉक्टरांच्या ओट्यातला. या तीन पट्ट्या शाळेच्या जिन्याच्या. हा बँकेच्या काउंटरचा, ज्या बँकेच्या आता नोटिसा येतात तिच्याच. साहेब हसेल असं त्याला वाटलं, पण कुणी हसलं नाही. एकशे बारा तुकडे निघाले. बायको चौकट धरून बघत होती. तिच्याकडे पाहायची त्याची छाती झाली नाही.

“काम फार सुरेख आहे हो,” व्हॅल्युअर शेवटी म्हणाला. “पण फॉर्मात रकाना दगडाचा आहे. हाताच्या कामाला रकाना नाही.”

त्याने तुकड्यांचा भाव लावला, बेरीज केली आणि कागद सहीसाठी पुढे केला. आकडा मर्यादेच्या आत होता. जेमतेम, पण आत. घर वाचलं. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण सही करताना फरशीवाल्याला स्वतःच्या हातांची लाज वाटली, आणि लाज वाटली याचा रागही आला.

व्हॅल्युअर गेल्यावर बायको बादली आणि फडकं घेऊन आली. मी पुसतो, तो म्हणाला. तिने ऐकलं नाही. खडूच्या रेघा पुसत ती भिंतीकडून मध्यावर येत गेली.

“तेव्हाच सांगितलं असतं तर मी काय नाही म्हणाले असते?”

“भीती वाटली.”

ती फडकं पिळून पुन्हा पुसायला लागली. रेघा गेल्या तशी फरशी पुन्हा सलग झाली. मधली ती फट तेवढी उरली, आणि ती भरून घासायला आता मशीन नव्हतं. पुसून झाल्यावर तिने बादली उचलली. सरळ गेली असती तर मोरी चार पावलांवर होती. पण झोपलेल्या मुलाला वळसा घालून जावं, तशी ती पाय न वाजवता त्या फटीला वळसा घालून गेली.