बर्फाच्या कप्प्यातली बाटली

बारीकराव औषधाचे कण इतके बारीक घडवायचा, की मुंगीच्या डोळ्यात त्यांचं अख्खं गाव वसावं. ते रक्तातून थेट ताईच्या गाठीत शिरायचे.

“भाओजी, बाटलीच्या तळाशी हा रवा कसला?”

“तू थंड ठेवा म्हणालास ना? मी सरळ बर्फाच्या कप्प्यात ठेवली. आपलं काम चोख!”

गोठले की कण एकमेकांना चिकटतात, हे प्रयोगशाळेत झाडूवाल्यालाही ठाऊक. म्हणूनच घरी सांगायचं बारीकरावला सुचलं नव्हतं. नवी बाटली घडायला सहा आठवडे लागणार होते आणि डॉक्टरांनी ताईला चारच दिले होते.

तो रिकाम्या हातांनी आत गेला. ताईने सगळं ऐकलं होतं. वर केलेली बाही तिने हळूच खाली ओढली.

“ह्यांना कळू देऊ नकोस रे,” ती पुटपुटली. “कालपासून केवढे खुशीत आहेत.”