उमेदवाराच्या पायाखालचा शिपाई

उमेदवार ठरायच्या आधीच आमच्याकडे त्याचं धड तयार असायचं. यादवी युद्धाचं चौथं वर्ष चालू होतं आणि न्यूयॉर्कमधल्या सगळ्याच चित्र छापणाऱ्यांना घाई झालेली. आमचे चित्रकार रूलसाहेब छपाईच्या दगडावर बाकी सगळं चित्र काढून ठेवत आणि मानेवरची जागा मोकळी सोडत. शिकागोत भरलेल्या पक्षाच्या अधिवेशनातून उमेदवाराच्या नावाची तार आली, की तिथे डोकं बसवायचं. मालक त्या पक्षाच्या विरोधातले, त्यामुळे डोकं कोणाचंही येवो, टवाळी ठरलेलीच!

तार आली. अध्यक्षपदाची उमेदवारी एका सेनापतीला मिळाली होती. आमच्या चित्रात तो मेलेल्या शिपायांच्या ढिगावर उभा राहून शांततेचं भाषण ठोकत होता.

छापलेले कागद रंगवायला आम्हा बायकांच्या टेबलावर आले. एकीने एकच रंग लावायचा आणि कागद पुढे सरकवायचा, अशी आमची रीत. होनोराकडे गणवेशाचा निळा, माझ्याकडे कातडीचा रंग. होनोराचा कुंचला पहिल्याच कागदावर, ढिगातल्या एका मेलेल्या शिपायापाशी अडला.

"हा माझा मालाकी आहे," ती म्हणाली.

तोच होता. तेच पुढे आलेले कान. लढाईवर जाण्याआधी तिचा लेक इथेच दगड घासायच्या कामाला होता. वसंतापासून त्याची खबर नव्हती, बरी नाही की वाईट नाही. त्या वाईट नसलेल्या खबरेवरच ही बाई जगत होती.

माझं डोकं फिरलं. "रूलसाहेब, हात कसा धजला हो तुमचा?"

म्हातारा कावराबावरा झाला. "चेहरे काढताना हात ओळखीचेच काढतो गं. माझ्या ध्यानातच आलं नाही."

"पुसून टाका त्याला," होनोरा म्हणाली. मग घाईघाईने, "नको, पुसू नका! त्याला जागं करा."

"एकदा छपाई सुरू झाली की दगडावर नवं काही काढता येत नाही, बाई. फक्त खरवडता येतं, तेवढं पांढरं उमटतं." त्यांनी हात करून छपाईचं यंत्र थांबवलं.

"यंत्र का थांबलंय?" मालक आत येत ओरडले. "उद्या सगळा बाजार दुसऱ्यांच्या चित्रांनी भरेल!"

"तुम्ही जरा गप्प बसा," रूलसाहेब म्हणाले. मालकांना असं कोणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. दगडावरच्या मिटल्या पापण्यांच्या काळ्या सावलीत म्हाताऱ्याने सुईने दोन बारीक ठिपके खरवडले. नवा कागद निघाला. ढिगाऱ्यात एक पोरगा टक्क जागा होता, कधी एकदा हे भाषण संपतंय असं बघत.

"मढं कधी डोळे उघडतं का?" मालक म्हणाले.

"ते मढं नाहीच मुळी," मी म्हणाले, आणि कागद पुढ्यात ओढला.

मेलेल्यांसाठी मी राखाडी रंग कालवला होता. त्याच्यासाठी वेगळा गुलाबी कालवला. माझेही डोळे भरून आले होते, लपवू कशाला? होनोरा उठून माझ्या खांद्याशी आली आणि लेकाच्या गालावर फिरणारा माझा कुंचला बघत राहिली.

"अजून थोडा लाल घे गं, ॲडलीन," ती म्हणाली. "उन्हात लगेच लाल होतो तो."